म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याला कात्री कोण लावतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मंडपात शिरताना आम्ही पाहिलं, पहिल्या दोन रांगा म्हाताऱ्या माणसांनी भरून गेल्या आहेत. अंगावर पांढरं लुगडं, पांढरं धोतर, हातात काठी. हा विहार ह्याच माणसांनी उभा केला. रोजंदारीतला रुपया-रुपया बाजूला काढून वर्गणी दिली, डोक्यावर विटा वाहिल्या, ड्रममधून पाणी आणलं. त्यांच्या उमेदीच्या काळात आपला हिंगोली जिल्हाही नव्हता. आपण परभणीचे होतो. जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. तेव्हा ह्यांचे गुडघे शाबूत होते. आज कुणाला मोतीबिंदू, कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाला दम. समितीने भाषणाचा विषय आमच्यावर सोपवला, तेव्हा आम्ही ठरवलं की ह्या वर्षी पहिल्या दोन रांगांविषयी बोलायचं. त्यांच्या औषधपाण्याविषयी बोलायचं. आणि त्या औषधपाण्याला जी कात्री लागते, तिच्या राजकारणाविषयी बोलायचं.

आधी आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची मावशी हापशावर पाय घसरून पडली. वय असेल सहासष्ट-सदुसष्ट. खुब्याचं हाड मोडलं. जीपमध्ये गादी टाकून तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. योजनेत ऑपरेशन होतं, एक पैसाही लागत नाही, असं आम्ही ऐकून होतो. खिडकीवर गेलो तर सांगितलं, "नाव दिसत नाही." रेशनकार्डावर तिचं नाव होतं घरातलं, हाकेचं. आधारवर होतं दुसरं. लेकाने वेगळं कार्ड काढलं तेव्हा मायचं नाव जुन्या कार्डात राहिलं की नव्या कार्डात आलं, हे घरात कोणालाच सांगता येईना. लेक-सून ऊसतोडीला गेलेले. मशीनवर अंगठा लावला तर उमटेना. कशाने उमटेल? चाळीस वर्षं हळद काढली, उकडली, घोळली; विळा धरला; बोटाच्या रेषाच राहिल्या नाहीत. तीन दिवस मावशी खाटेवर कण्हत होती आणि आम्ही झेरॉक्स काढत फिरत होतो. शेवटी बचत गटातून कर्ज उचललं, दोन शेळ्या विकल्या, पैसे भरले. ऑपरेशन झालं. मावशी आज काठी टेकत चालते. कर्ज फिटायला दोन हंगाम लागले. नंतर कळलं की नाव यादीत होतं, फक्त एका अक्षराचा फरक होता.

बंधूंनो, आता बघा. योजना होती. योजनेत पैसे होते. दवाखाना होता, डॉक्टर होते. फक्त मावशी योजनेत नव्हती. तिचा हक्क कोणी कापला? सरकारला विचारा, सरकार म्हणेल आम्ही तर पाच लाख दिले. दवाखान्याला विचारा, म्हणतील यादी आमची नाही. तलाठ्याला, रेशन दुकानदाराला विचारा, तेही म्हणतील आमचा संबंध नाही. कात्री फिरली, पण कात्री धरणारा हात कोणाचाच नाही! आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या उपचारात कपात होते ती ढोल वाजवून होत नाही. ती मुकाट्याने होते. म्हणून ती ओळखायला शिकलं पाहिजे, तिचा हिशोब ठेवला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे आपल्या गरीब देशातच होतं. तसं नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे ५ जुलै १९४८ रोजी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. गरीब-श्रीमंत कोणीही असो, डॉक्टर, दवाखाना, औषध, चष्मा, दातांची कवळी, सगळं मोफत. ती उभी करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या कोळसा खाणीतल्या कामगाराचे पुत्र. स्वतःही पोरवयात खाणीत उतरलेले. पुढे तीनच वर्षांत, १९५१ साली, कोरियाचं युद्ध चालू असताना सरकारला शस्त्रांसाठी पैसा हवा झाला. मग कात्री कुठे लावली? चष्म्यावर आणि कवळीवर! निम्मी किंमत लोकांनी भरावी, असं ठरलं. बेव्हन तेव्हा मजूरमंत्री होते. एप्रिल १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आणि सरकार कोणाचं होतं? त्यांच्याच मजूर पक्षाचं. लोक म्हणाले असतील, चष्म्यासाठी कोणी मंत्रिपद सोडतं का? पण त्यांना कळलं होतं की कात्री नेहमी लहान वस्तूपासून सुरू होते, आणि अशा माणसापासून सुरू होते ज्याच्या तोंडात दात नाहीत! पुढच्याच वर्षी तिथे औषधाच्या चिठ्ठीवरही पैसे लागू झाले.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने अहवाल दिला. त्याचं सार असं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. सरकारी दवाखान्यांची जी साखळी आपण बघतो, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, तिचं मूळ त्या विचारात आहे. पुढे वारं फिरलं. १९८७ साली जागतिक बँकेने गरीब देशांना सल्ला दिला की सरकारी दवाखान्यात रुग्णाकडून शुल्क घ्या. एकेक राज्याने ते मानलं. केस पेपरला पैसे, एक्सरेला पैसे, रक्त-लघवी तपासायला पैसे. रक्कम ऐकायला लहान. पण ज्या म्हातारीच्या कनवटीला पाचच रुपये आहेत तिच्यासाठी दहा रुपयेही भिंतच असते. ती दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरते, आणि तिची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही.

आम्ही असं म्हणत नाही की काहीच झालं नाही. खोटं कशाला बोलावं? १९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारच्या नांदेडचा त्यात नंबर लागला, आपल्या हिंगोलीला मात्र नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय घेतला आणि तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून सगळं मोफत झालं. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचं कार्ड देण्याची सुरुवात झाली. घरात आधीपासून आयुष्मान कार्ड असेल तर सत्तरीवरच्या माणसासाठी आणखी पाच लाख वेगळे ठेवले. हे चांगलं आहे. चांगल्याला चांगलं म्हणावं.

मग कात्री कुठे आहे? एकेक करून पाहू.

पहिली कात्री वयाची. म्हातारा कोणाला म्हणायचं, हे सरकारने चार ठिकाणी चार प्रकारे ठरवलं आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा म्हणतो, साठ वर्षं. एस.टी.ची अर्धी तिकिटं पासष्टला. एस.टी.चा मोफत प्रवास, जो ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, तो पंचाहत्तरला. आणि केंद्राचं ज्येष्ठांचं आरोग्य कार्ड सत्तरला. म्हणजे आपल्या बाईने साठाव्या वर्षी म्हातारं व्हायचं, पासष्टाव्या वर्षी थोडं जास्त म्हातारं व्हायचं, आणि आजारी मात्र सत्तरनंतर पडायचं! वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात ज्याची हाडं झिजली, तो पंचावन्नलाच म्हातारा होतो. शिवाय आपल्या लोकांच्या जन्माची नोंद कोणी केली होती? आधारवर बघा, निम्म्या वस्तीचा जन्म १ जानेवारीचा! अंदाजाने लिहिलेलं वर्ष. त्या अंदाजात चार वर्षं कमी पडली की चार वर्षं हक्क लांबला.

थोडा विचार करा. महात्मा फुले १८९० साली गेले, त्रेसष्टाव्या वर्षी. शेवटची दोन वर्षं पक्षाघाताने शरीराची एक बाजू गेलेली. सावित्रीमाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, सहासष्टाव्या वर्षी. बाबासाहेब मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने लिहीत राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आपल्याला सोडून गेले. सत्तरच्या अटीत ह्या तिघांपैकी एकही बसत नाही. काळ वेगळा होता, मान्य. पण कष्टकरी माणसाचं आयुष्य अजूनही कागदावरच्या सरासरीने चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरी कात्री यादीची. केंद्राने २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य बिमा योजना काढली होती. वर्षाला तीस हजारांचा विमा. कार्डावर किती नावं? फक्त पाच. नवरा, बायको, तीन लेकरं, झाले पाच. सहावी आजी. आजीला कोणी हाकललं नाही, सरकारने कुठेही लिहिलं नव्हतं की म्हाताऱ्यांना देऊ नका. पण पाचच बोटं मोजायची म्हटल्यावर सहावं कोण गळणार, हे सांगायला पंडित लागत नाही. २०१८ च्या योजनेने ही पाचाची अट काढली, हे बरं केलं. पण त्या जागी आता ऑनलाइन नाव, आधारचं नाव, रेशनकार्डाचं नाव, अंगठा, ओटीपी. मोबाईल लेकाजवळ, लेक पुण्याला, ओटीपी तिकडे वाजतो आणि माय इकडे खिडकीवर उभी!

तिसरी कात्री गोठवण्याची. ही सगळ्यात हुशार कात्री. काही कापायचंच नाही, फक्त वाढवायचं नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धाला केंद्राकडून मिळणारा वाटा २००७ साली महिन्याला दोनशे रुपये होता. २०२४ सालीही दोनशेच होता. ह्या सतरा वर्षांत तेल कुठे गेलं, डाळ कुठे गेली, बीपीच्या गोळीची पट्टी कुठे गेली? राज्याने आपला वाटा घालून श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दीड हजार केली म्हणून थोडा श्वास आहे. आणि ती रक्कमही दर महिन्याच्या महिन्याला येते असं नाही. बँकेच्या दारात बसून कंटाळलेल्या बाया ह्या मंडपातच आहेत, त्यांना विचारा. तसंच रेल्वेचं. पूर्वी साठ वर्षांच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के सवलत मिळत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाचं कारण सांगून ती बंद केली. साथ ओसरली, गाड्या पूर्वीसारख्या धावू लागल्या, पण ज्येष्ठांची सवलत काही परतली नाही. रद्द केली असं म्हटलं असतं तर ओरड झाली असती. तात्पुरती थांबवली म्हटलं की लोक वाट बघत बसतात, आणि वाट बघता बघता म्हातारं माणूस संपतं.

चौथी कात्री आजाराची. विमा योजना दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येते. मोठं ऑपरेशन असलं की कामाला येते. पण म्हातारपणाचा आजार बहुतेक घरातच असतो. रोजची साखरेची गोळी, बीपीची गोळी, दम्याचा पंप, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र. त्यासाठी विमा नाही. त्यासाठी गावचं उपकेंद्र आणि आरोग्य केंद्र हवं, तिथे औषध हवं आणि डॉक्टर हवा. गोळी वेळेवर मिळाली तर लकवा होत नाही. गोळी नाही मिळाली, लकवा झाला, की मग पाच लाखांचं कार्ड! बांध फुटू द्यायचा आणि मग पूरग्रस्तांना मदत वाटायची, तसलाच हा कारभार. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली ठरवलं होतं की २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करायचा. २०२५ आलं आणि गेलं, अडीच टक्के काही झाले नाहीत.

पाचवी कात्री अंतराची आणि पाटीची. सेनगावच्या, औंढ्याच्या, कळमनुरीच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याला मोठा आजार झाला की हिंगोली, तिथून नांदेड. नांदेडच्या शासकीय रुग्णालयावर किती जिल्ह्यांचा भार आहे, आपण जाणतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ ह्या चोवीस तासांत तिथे चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळं होती. साऱ्या देशात बातमी झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी, रिक्त जागा, खाटा, सगळ्याची चर्चा झाली. पुढे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. शंभर विद्यार्थ्यांचं महाविद्यालय. आनंदाची गोष्ट आहे, आपली लेकरं तिथे डॉक्टर व्हावीत. पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. मोफत उपचाराचा ऑगस्ट २०२३ चा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता. वैद्यकीय महाविद्यालयं चालवणारा विभाग वेगळा आहे. जिथे जिथे जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं जातं, तिथे दारावरची पाटी बदलते. पाटी बदलली की नियम कोणता लागणार, काय मोफत आणि कशाला पैसे, हे आपण आधीच लेखी विचारून घेतलं पाहिजे. म्हातारी माणसं खिडकीवर उभी राहिल्यावर नव्हे.

आता राजकारण. कात्री म्हाताऱ्यांवरच का येते? कारण सोपं आहे. ते कमवत नाहीत, मोर्चाला येऊ शकत नाहीत, मोठ्याने ओरडू शकत नाहीत. आणि दोन सरकारांचं भांडण लागलं की त्यांनाच मध्ये चेंगरावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरच्यांचं कार्ड सुरू झालं तेव्हा दिल्ली आणि पश्चिम बंगाल ही राज्यं त्या योजनेत नव्हती. केंद्र म्हणे राज्यं अडवतात, राज्यं म्हणत आमची योजना आहे. प्रधानमंत्र्यांनी तिथल्या वृद्धांची जाहीर माफी मागितली. दिल्लीत सरकार बदलल्यावर एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली सामील झाली. चूक कोणाची ह्यात आम्ही पडत नाही. आम्ही इतकंच बघतो की मधल्या काळात जो म्हातारा आजारी पडला, त्याला दोन्हीकडच्या भाषणांनी औषध मिळालं नाही.

आणि मताचं बघा. २६ एप्रिल २०२४ ला आपल्या हिंगोली लोकसभेचं मतदान झालं. त्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या वरच्या माणसाला घरी बसून मत देण्याची सोय होती. अधिकारी पेटी घेऊन घरी येणार, फार चांगली सोय. पण मत न्यायला जो रस्ता सापडतो, तोच रस्ता बीपी तपासायला का सापडत नाही? आशाताई बिचारी फिरते, तिच्या परीने करते. तिच्या एकटीच्या खांद्यावर सगळं टाकून कसं चालेल?

अमेरिकेत पासष्टच्या वरच्यांसाठी सरकारी आरोग्य योजना आहे, मेडिकेअर नावाची. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. १९९५ साली तिथल्या विरोधी पक्षाचं संसदेत बहुमत झालं आणि त्यांनी सात वर्षांत तिच्यातून २७० अब्ज डॉलर कमी करायचं ठरवलं. ते स्वतः कपात म्हणत नव्हते हं! वाढीचा वेग कमी करतो, असं म्हणत होते. शब्द लक्षात ठेवा, असेच शब्द आपल्याकडेही येतात: फेररचना, पडताळणी, शुद्धीकरण, तात्पुरती स्थगिती. सरकारी कचेऱ्या बंद पडण्यापर्यंत भांडण गेलं. शेवटी अध्यक्ष क्लिंटन यांनी ते विधेयक फेटाळलं. तारीख होती ६ डिसेंबर १९९५, आपल्या महापरिनिर्वाण दिनाची. आणि फेटाळताना त्यांनी तेच पेन वापरलं ज्याने जॉन्सन यांनी तीस वर्षांपूर्वी कायद्यावर सही केली होती. हे का घडलं? तिथले म्हातारे संघटित आहेत. कोणत्या खासदाराने कोणत्या बाजूने हात वर केला, ह्याची ते नोंद ठेवतात.

बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवलं आहे. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम त्याच काळात, १९४३ साली, प्राध्यापक आडारकर यांच्याकडे दिलं गेलं, आणि त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. पगारातून थोडं कामगाराचं, थोडं मालकाचं, आणि उपचार हक्काने. भीक म्हणून नव्हे! पुढे संविधानाच्या कलम ४१ मध्ये म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व ह्यांत सरकारने मदत करावी, असं लिहिलं गेलं. सरकारची आर्थिक ताकद बघून, अशी एक सवड त्यात आहे, आणि प्रत्येक सरकार त्या सवडीच्या आड लपतं. ह्या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, मग त्यांचा उपयोग काय, असं संविधान सभेत विचारलं गेलं. नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचं उत्तर दिलं. सरकारला कोर्टात नाही तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांसमोर ह्याचा जाब द्यावाच लागेल, असा त्याचा आशय होता. म्हणजे जाब विचारायचं काम त्यांनी कोणावर सोपवलं? तुमच्या-आमच्यावर. आपण तो विचारला का? मते मागायला आलेल्याला आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो, स्पीकर मागतो. उपकेंद्रात बीपीची गोळी किती महिने नव्हती, हे कोणी विचारलं आहे?

आता एक कडू गोष्ट. राग मानू नका. कात्री फक्त मंत्रालयात नसते, ती आपल्या घरातही असते. जयंतीला डीजेसाठी वर्गणी होते, वाढदिवसाला बॅनर लागतं, आणि आजीची गोळी "ह्या महिन्यात राहू दे" म्हणून थांबते. आजीही म्हणते, "माझं काय आता, लेकराला वही घ्या." तिने असं म्हटलं की आपण खुशाल ऐकतो! विधवा बाई असेल, भावाकडे राहत असेल, तर विचारायलाच नको. घरात ज्याचा उपचार आधी कापला जातो, त्याचाच सरकारात आधी कापला जातो. कारण सरकारला माहीत असतं की ह्याच्यासाठी घरचंही कोणी भांडायला येणार नाही.

म्हणून ह्या वर्धापनदिनी विहाराने काही ठोस कामं हाती घ्यावीत, अशी आमची नम्र सूचना आहे. एक, वस्तीतल्या साठीवरच्या प्रत्येक माणसाची एक नोंदवही करा. नाव, वय, आजार, चालू गोळ्या, कार्ड आहे की नाही. दोन, आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्डावरची नावं आजच जुळवून घ्या, आजारी पडल्यावर नव्हे. अंगठा उमटत नसेल तर डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवायची सोय आहे, ती मागून घ्या. तीन, वस्तीतल्या दोन पोरांनी आळीपाळीने दवाखान्यात सोबत जायचं. खिडकीवर नाही म्हटलं तर आरोग्यमित्राला गाठायचं, नाही म्हणाल ते लेखी द्या म्हणायचं. फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५, आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७. हे तीन नंबर विहाराच्या भिंतीवर रंगवून घ्या. चार, २००७ च्या कायद्याचं कलम २० वाचा. सरकारी दवाखान्यात वृद्धांसाठी वेगळी रांग, शक्य तितक्या खाटा, जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र सोय, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत ते उभं राहून विचारा. पाच, जे मिळालं नाही, जे थांबलं, जे कापलं गेलं, ते तारखेसकट त्याच वहीत लिहा. निवडणुकीला जो येईल, मग तो कोणत्याही निळ्या, पिवळ्या, भगव्या झेंड्याचा असो, त्याच्यासमोर ती वही उघडून ठेवा.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. विनयपिटकातली आहे, तुम्ही भन्तेजींकडून ऐकलेली असेल. भगवान बुद्ध आनंदाला सोबत घेऊन विहारातून फिरत होते. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. कोणी जवळ जात नव्हतं. का? विचारल्यावर तो स्वतःच म्हणाला की मी भिक्खूंच्या काही कामाचा नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. एकाने पाणी ओतलं, दुसऱ्याने धुतलं. दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवलं.

आपण गोष्ट इथेच थांबवतो आणि भगवंतांची करुणा म्हणून हात जोडतो. पण गोष्ट पुढे आहे. त्यांनी सगळ्या भिक्खूंना बोलावलं, जाब विचारला, आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा कोणी करायची, त्याचे गुरू असतील तर त्यांनी, शिष्य असतील तर त्यांनी, आणि कोणीच नसेल तर संघाने. नाही केली तर तो दोष. करुणा एका दिवसापुरती असते, उद्या भगवंत पुढच्या गावी जाणार होते. म्हणून त्यांनी मागे नियम ठेवला. आपल्याला आपल्या म्हाताऱ्यांसाठी तो नियम हवा आहे, आणि तो मोडला की विचारणारी वही हवी आहे. पहिल्या दोन रांगांतल्या आमच्या माय-बापांनो, वहीतलं पहिलं पान तुमचं आहे. कार्यक्रम संपल्यावर उठून जाऊ नका, नाव सांगून जा.

 जयभीम! नमो बुद्धाय!